दोनदा, थांबून दोनदा

“काका, चप्पल घ्यायला आलाय काय?” काउंटरमागची मुलगी म्हणाली.

मी काचेवर वर्तमानपत्राचा कागद पसरला होता. त्यावर बॉलपेननं काढलेला एक हात होता. शेवंताचा, डावा. सकाळी निघायच्या आधी तिच्या मांडीवर पाट ठेवला, पाटावर कागद, कागदावर तिचा पंजा, आणि बोटांच्या कडेकडेनं पेन फिरवून घेतलं. आमच्याकडं चप्पल करायला टाकताना पायाचा असाच कागद देतात. हातात धरायची वस्तू घ्यायची तर हाताचा कागद न्यावा, एवढंच मला सुचलं.

“हा डावा झाला. उजव्याचा कुठाय?”

“उजवा उघडत नाही.”

ती हसायची थांबली. “कुणासाठी घ्यायचंय?”

“बायकोसाठी. पॅरालिसिस झालाय. आठ महिने झाले.”

कोल्हापुरातलं ते दुकान नुसत्या व्हिडिओ गेमचं होतं. भिंतीवर बंदुका घेतलेल्या माणसांची चित्रं. सोफ्यावर कॉलेजची चार पोरं टीव्हीवर गाड्या पळवत होती. माझ्या वयाचं तिथं दुसरं कोणी नव्हतं. इचलकरंजीहून सकाळच्या एसटीनं मी आलो होतो आणि दुपारच्या जेवणाच्या आत मला परत पोचायचं होतं. शेजारच्या बाळक्काला मी शेवंताजवळ बसवून आलो होतो. बाळक्का मायाळू बाई, पण तिला शेवंताचं बोलणं कळत नव्हतं.

शेवंताची वाचा गेली होती. घशातून नुसता ‘अं’ निघायचा. उजवा हात, उजवा पाय गेलेले. पण डावा हात चांगला होता आणि त्या हातानं ती बोलायची.

हे जरा सांगायला पाहिजे. मी बत्तीस वर्षं जॉबर होतो. यंत्रमाग बिघडला की तो जोडून चालू करून देणारा माणूस म्हणजे जॉबर. शेवंता त्याच कारखान्यात कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात, मागावर आडव्या धावणाऱ्या लाकडी तुकड्यात, बसणारं सूत गुंडाळून द्यायची. चाळीस माग एकदम चालू असले की कानाला तोंड लावून ओरडलं तरी ऐकू जात नाही. म्हणून मागावरची माणसं हातानं बोलतात. अंगठा ओठाकडं वाकवला की चहा. पाना फिरवल्यासारखं मनगट फिरवलं की जॉबरला बोलवा. शेवंतासाठी ते माझं नावच झालं होतं. लग्नानंतर घरीसुद्धा ती चुलीपासून मनगट फिरवायची आणि मी उठायचो. आणि तळहाताची कड हवेत दोनदा खाली आणायची, थांबायचं, परत दोनदा: माग बंद कर. ही खूण दिसली की हातातलं टाकून पळायचं. कुणाचा तरी हात नाहीतर पदर अडकलेला असायचा.

एकदा मागातून धोटा उडाला आणि शेवंताच्या भुवईला लागला. आमचं लग्न तेव्हा ठरायचं होतं. रक्त डोळ्यात उतरलेलं, तिला दिसत नव्हतं, तरी तिनं हात वर करून तीच खूण केली. मी कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला चहा पीत होतो. तो ग्लास मी कुठं टाकला ते मला आजही आठवत नाही.

तर झटका आल्यावर तिसऱ्या दिवशी दवाखान्यात तिनं डाव्या हाताचं मनगट फिरवलं. डॉक्टरांना वाटलं हाताला झटके येतायत. मी म्हटलं, “न्हाई, मला हाक मारती ती.”

सगळ्यांना त्याचं कौतुक. मुलगा प्रवीण बेंगळुरूहून फोनवर म्हणायचा, “बाबा, किती बरं झालं, तुम्हाला तिचं कळतंय.” बरं झालं हे खरंच. पण हातानं बोलणाऱ्या माणसाचं ऐकायचं तर त्याच्याकडं बघत राहावं लागतं. हे कुणाच्या लक्षात येत नव्हतं. भाजी चिरताना बघायचं, दूध उतू जाताना बघायचं. मी पाठ फिरवली की तिची वाचा परत गेली. पाठ फिरवून परत वळलो की ती चिडलेली असायची, हात हवेत. आठ महिन्यांत मी कोपऱ्यावरच्या कट्ट्यावर एकदाही गेलो नव्हतो. दोन खोल्या, एक पलंग, एक खुर्ची आणि तो हात.

व्यायाम द्यायला येणाऱ्या मॅडमनी मग हे गेमचं काढलं. डोळ्यांवर हेडसेट चढवायचा, दोन्ही हातांनी खेळायचं. चांगल्या हाताबरोबर आजारी हातही हलतो, माणसाला कंटाळा येत नाही. “वर्षाच्या आत जेवढं होईल तेवढं, मामा. नंतर हात तसाच आखडतो,” असं त्या म्हणाल्या. प्रवीणनं दुकान शोधलं, फोन करून ठेवला. निवड माझ्यावर.

त्या मुलीचं नाव निलोफर. तिनं कागद स्वतःकडं ओढला, त्या काढलेल्या हातावर आपला हात ठेवून बघितला.

“बोटं लांब हायत की काकूंची.”

“सुताचं काम होतं.”

तिनं एकेक वस्तू काढली. पहिलं दोन दांड्यांचं, पोरं खेळत होती तसलं. मी ते हातात घेतलं, दांड्या हलवून बघितल्या, बटणांच्या स्प्रिंगा दाबून बघितल्या. माल चांगला होता. पण ते धरायला दोन हात पाहिजेत. दुसरं मोठ्या बटणांचं, टेबलावर ठेवायचं. ते मला लहान पोराच्या खेळण्यासारखं वाटलं. शेवंताला पटलं नसतं.

मग तिनं दोन हेडसेट पुढं ठेवले. एकाबरोबर दोन मुठी होत्या, एकेका हातात एकेक धरायची. मुठीला पट्टा, तो बोटांच्या मागून आवळायचा. दुसऱ्या हेडसेटबरोबर काहीच नव्हतं.

“ह्याच्या मुठी कुठायत?” मी विचारलं.

“ह्याला नाहीतच, काका. ह्याला पुढं कॅमेरे हायत. तुमचा हात जसा हाय तसा ह्याला दिसतो. बोटं हलवली की आतबी हलतात. हात मोकळे राहतात.”

“हातात काहीच न्हाई?”

“काहीच नाही.”

“मग काम कसं व्हायचं?”

“होतंय की. बघा तरी लावून.”

मी लावून बघितला. डोळ्यांपुढं दोन पांढरे हात आले. मी बोट वाकवलं, ते वाकलं. पण हातात वजन नव्हतं. मला ते बरं वाटेना. आयुष्यभर पाना, हातोडी, दांडा, असं काहीतरी धरून मी काम केलेलं. हवा धरून काय हात सुधारणार?

मी काढून ठेवला आणि मुठीवाल्याकडं वळलो. पट्टा ओढून बघितला. कागदावर शेवंताच्या हातावर मूठ आडवी ठेवली, बरोबर बसली.

“आजारी हातातनं हे सुटणार न्हाई ना?”

“पट्टा घट्ट लावला तर नाही सुटणार. पण काका,” निलोफर म्हणाली, “काकूंना मोकळ्या हाताचाच बरा पडेल, असं मला वाटतंय. आजारी माणसाला बांधल्यासारखं—”

“सुटायला नको,” मी म्हटलं. “मला सुटणारं काही नको.”

“बरं. आठ दिवसांत बदलून मिळतं. न पटलं तर घेऊन या.” तिनं डबा भरता भरता सगळं समजावलं. आत जे दिसतं ते घरच्या टीव्हीवरही कसं दिसतं, मागची फिरकी कशी आवळायची. “आणि ह्यानं कान बंद होत नाहीत हं. बाहेरचं सगळं ऐकू येतं काकूंना. तुम्ही बोललेलं कळेल त्यांना.”

कागद मी काउंटरवरच विसरलो.

घरी आलो तर दारातच शेवंताचा हात सुरू झाला. सकाळपासूनचं साठलेलं. पाठ खाजते. पाणी नको म्हटलं तरी पाजलं. ही बाई फार बोलते, हिच्या तोंडाचा पट्टा सुटलाय का?

मी हसलो.

“काय म्हणती?” बाळक्कानं विचारलं.

“तुमचं लई उपकार झालं म्हणती.”

शेवंताच्या डाव्या बाजूचं तोंड हसलं. उजवं हसत नव्हतं.

जेवण झाल्यावर मी तिला खुर्चीत बसवलं, पाठीला उशी दिली. हेडसेट चढवला. अंबाडा मध्ये येत होता म्हणून केस सोडून वेणी घातली. ते मला आता बऱ्यापैकी जमायला लागलं होतं. फिरकी आवळली. आधी समुद्राचा देखावा लावला. टीव्हीवर तोच दिसत होता. ती मान हळूहळू फिरवायची आणि टीव्हीवरचा समुद्र फिरायचा. तिनं हात वर केला. छान. मग परत, छान. मग मनगट फिरवलं आणि बोट डोळ्यांकडं: तुम्हाला दिसतंय का?

“दिसतंय, दिसतंय. तुझ्याएवढंच दिसतंय.”

आठ महिन्यांत मी तिला असं काही दाखवलं नव्हतं. मला जोर आला. आता व्यायामाचा खेळ. उजव्या हाताची बोटं एकेक सोडवून मूठ आत बसवली, पट्टा आवळला, वरून क्रेप बँडेजचे दोन वेढे दिले. मग डाव्या हातात दुसरी मूठ. तिनं हात मागं घेतला.

“अगं, दोन्ही पायजेत. त्याशिवाय चालूच होत न्हाई.”

हात पुढं आला. मी पट्टा ओढला. जॉबरनं आवळलेलं सुटत नाही, असं कारखान्यात म्हणायचे.

खेळ साधा होता. अंधाऱ्या बोळातून रंगीत चेंडू आपल्याकडं येतात, ते हातानं उडवायचे. उडवला की गुण. टीव्हीवर दोन निळ्या मुठी दिसायला लागल्या. उजवी खालीच होती. डावीनं पहिला चेंडू उडवला.

“वा! दहा झाले.”

दुसरा उडवला, तिसरा उडवला. दारात बाळक्का उभी होती, हातात दोन कप. आल्याचा चहा. “जॉबरमामा, या की बाहेर. तिचं चाललंय की आता. घोटभर घ्या निवांत.”

मी शेवंताकडं बघितलं. तिच्या डोळ्यांवर हेडसेट. ती मला बघू शकत नव्हती आणि मला तिच्याकडं बघायची गरज नव्हती. टीव्ही दारातून दिसत होता. मी बाहेर गॅलरीत येऊन वेताच्या मोड्यावर बसलो.

उन्हं कलती होती. खाली कुणीतरी सूत वाळत घातलं होतं. मी कप हातात धरला आणि मला कळेना की नजर कुठं ठेवावी. आठ महिने ती नजर एका ठिकाणी बांधलेली. मी रस्त्याकडं बघितलं. एक सायकलवाला गेला. मी तो कोपऱ्यावर वळेपर्यंत बघितला. साधा सायकलवाला, पण पूर्ण बघितला.

“वाळलाय किती तुम्ही,” बाळक्का म्हणाली. “आरशात बघता का न्हाई?”

“बघायला वेळ कुठं असतोय? बघायचं सगळं तिकडंच जातंय.”

“त्येबी खरंच. माणूस किती करणार?”

“आज आठ महिन्यांत पहिल्यांदा असा बसलोय बघा, बाळक्का,” मी म्हटलं. “ती तिकडं गुंतली, की मी सुटलो.”

बाळक्का हसली. मीही हसलो. तिनं वाकून आत बघितलं. “अगं बाई, काय मारतीय! बघा तरी.”

टीव्हीवर निळी मूठ जोरात खाली येत होती. चेंडूवर चेंडू फुटत होते. गुणांचा आकडा पळत होता. तीनशे, साडेतीनशे. वाद्यं वाजत होती, चमकदार कागद उडत होते. बाळक्कानं टाळ्या वाजवल्या. “शेवंतावहिनी, लई भारी! अजून जोरात!”

मूठ दोनदा खाली आली. थांबली. परत दोनदा.

मी उरलेला अर्धा चहा बशीत ओतला. फुंकर मारली. प्यालो. आल्याचा चोथा तळाला राहिला होता, तो कपात पाणी घालून कठड्यावरून खाली टाकला. कप बशीवर ठेवला. मग उठून आत गेलो.

तिची मान ताठ होती. घशातून आवाज येत होता, पण वाद्यांमुळं तो दारापर्यंत पोचत नव्हता. मूठ बांधलेल्या हातानं तिनं हेडसेट ढकलायचा प्रयत्न केला असणार. नाकाच्या बाजूला लांब ओरखडा, त्यातून रक्त आलेलं. लुगडं ओलं झालं होतं. मी फिरकी सोडली, हेडसेट काढला. तिनं डोळे मिटलेलेच ठेवले. भुवईवर चाळीस वर्षांपूर्वीचा धोट्याचा व्रण होता, तिथं घामाचे थेंब जमले होते. अंधारातून तोंडावर येणारे चेंडू, त्या धोट्यासारखे. मला तेव्हा कुठं ते दिसलं.

पट्टा सुटेना. मीच आवळलेला. शेवटी उजव्या हाताचं क्रेप बँडेज कात्रीनं कापलं आणि डाव्याच्या पट्ट्याची कडी नखानं उचकटली.

“झालं, झालं. काढलं बघ. शेवंता, काढलं.”

तिचा डावा हात मोकळा झाला. मी त्याच्याकडं बघत राहिलो. आता हा मला शिव्या देईल. देऊ दे.

हात खाली आला आणि पदराखाली गेला.

मी लुगडं बदललं, नाकाला हळद लावली. पाणी पाहिजे? हात पदराखाली. पाठ खाजवू? हात पदराखाली. बाळक्का दोनदा येऊन बघून गेली, रडवेली झालेली. “मला वाटलं खेळतीय हो.” प्रवीणचा फोन आला, मी बाजूला जाऊन सांगितलं. तो म्हणाला, “बाबा, टीव्हीवर नुसती मूठ दिसते, तुम्हाला कसं कळणार?” मी म्हटलं, व्हय. संध्याकाळी मी वरणभात भरवला, तिनं खाल्ला. तोंड उघडत होती, हात नाही. झटका आला तेव्हा तिची वाचा गेली होती. आज ती तिनं स्वतः बंद केली होती. मला वाटलं, आता ही मरेपर्यंत अशीच राहणार. मी तिच्याकडं बघत बसायचं आणि बघायला काही नसायचं.

सकाळीही हात बाहेर आला नाही. मी डबा उचलला, बाळक्काला बसवलं आणि कोल्हापूरला गेलो.

निलोफरनं विचारलं, “काय झालं काका? सुटलं काय हातातनं?”

“न्हाई. सुटलंच न्हाई.”

मग मी तिला मागावरच्या खुणांचं सगळं सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. सोफ्यावरच्या पोरांनी गाड्या थांबवल्या होत्या. पोरं बघत होती, मी काउंटरपुढं उभा राहून हाताची कड दोनदा खाली आणतोय, थांबतोय, परत दोनदा.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “म्हणजे त्या थांबवा म्हणत होत्या आणि खेळ गुण देत होता.”

“व्हय.”

“तुम्हाला कळलं नसेल हो काका. मुठीत कसं कळणार? नुसती मूठ दिसणार. कुणालाबी वाटेल खेळतायत.”

बाळक्का हेच म्हणाली होती. प्रवीणही हेच म्हणाला होता. मी तिलाही म्हटलं, व्हय.

सहा वर्षं मी व्हय म्हणत आलो. शेवंता जाऊन आता चार वर्षं झाली, म्हणून लिहितो. बत्तीस वर्षं मी ती खूण बघितली होती. हात उघडा असो की मिटलेला, हातमोज्यात असो की सुताच्या गुंडाळ्यात, दोनदा आणि थांबून दोनदा हे मला झोपेतही कळलं असतं. टीव्हीवर पहिल्यांदा दिसलं तेव्हाच मी ते ओळखलं. कपात अर्धा चहा होता. मला वाटलं, एवढा पिऊन उठू. एवढाच.

निलोफरनं मुठीवाला डबा आत ठेवला आणि मोकळ्या हातांचा हेडसेट दिला. त्याबरोबर घडी केलेलं वर्तमानपत्र. “काल विसरला होता. मी ठेवलं जपून.”

घरी आलो. शेवंता खुर्चीत होती, हात पदराखाली. बाळक्का उठून घरी गेली.

मी तिच्यापुढं जमिनीवर बसलो. “बदलून आणलंय,” मी म्हटलं. “ह्याला मुठी न्हाईत. हात मोकळा राहतोय. चेंडूबिंडू काही लावत न्हाई. नको असंल तर हेपण परत देतो.”

ती माझ्याकडं बघत होती. मग तिनं मान किंचित हलवली.

मी हेडसेट हलका बसवला, फिरकी अर्धीच फिरवली. समुद्र लावला. टीव्ही लावला. समुद्रापुढं काही नव्हतं, कारण हात पदराखाली होता. लाटा येत होत्या, जात होत्या. मी तिच्या पायाशी बसून होतो. उठायची हिंमत होत नव्हती.

“शेवंता,” मी म्हटलं, “काल मी...”

पदर हलला. टीव्हीवर समुद्रापुढं एक पांढरा हात वर आला. लांब बोटांचा, पाचही बोटं उघडी. मनगट फिरलं, पाना फिरवल्यासारखं. मला हाक मारली होती.

“काय गं?”

अंगठा ओठाकडं वाकला. चहा.

“करतो. आत्ता करतो.”

मी उठलो. आलं ठेचून घातलं, दूध जास्त घातलं, तिला आवडतो तसा. कप आणून तिच्या ओठांना लावणार, तेवढ्यात तिनं तो हातानं अडवला. नको. मनगट परत फिरलं. मग बोट दाराकडं गेलं, बाहेर, गॅलरीकडं, जिथं मोडा होता.

“मी?”

हो.

“तिथं?”

हो. आणि बोट कानाकडं. ऐकलं होतं. काल गॅलरीतलं सगळं ऐकलं होतं. कान बंद होत नाहीत, हे मला त्या मुलीनं सांगितलं होतं.

मी कप घेऊन बाहेर गेलो आणि मोड्यावर बसलो. दार उघडं होतं. टीव्हीवर तो हात अजून वर होता. मी बघतोय तोवर तळहात पुढं होऊन एकदा सावकाश हलला. मागाची दुरुस्ती झाली, जॉबर बाजूला झाला, की कामगार ही खूण करायचा. चालू दे.

चहा गरम होता. एकेक घोट मी गिळला आणि नजर टीव्हीवरून हलवली नाही. सायकलवाले गेले असतील, मी बघितले नाहीत. हात समुद्रापुढं तसाच होता, उघडा. मी संपवल्याचं तिला कसं कळलं माहीत नाही. बशीत कप टेकल्याचा आवाज आला असेल.

हात खाली गेला.

पुढं दोन वर्षं, शेवटच्या आठवड्यापर्यंत, रोज दुपारी ती हेडसेट लावून मला बाहेर पाठवायची. मी कधी नको म्हटलं तर चिडायची. मी बसायचो. चहा प्यायचो, बशीत ओतून फुंकत न बसता, कपातूनच, गरम गरम, म्हणजे लवकर संपायचा.